काना, मात्रा आणि फिनॉल

माझ्या प्रयोगशाळेतला सगळ्यात जहाल पदार्थ कोणता, असं विचारलं की आमची बारावीची मुलं माझ्याकडे बघून हसू दाबतात. पाठीमागे ती मला 'तेजाब' म्हणतात. मला ते पहिल्या वर्षीच कळलं होतं आणि खरं सांगायचं तर आवडलंही होतं. मुरुडच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी अठरा वर्षं रसायनशास्त्र शिकवते आहे. एवढ्या काळात एकाही मुलाच्या डोळ्यात काही उडालं नाही, की कुणाचं बोट भाजलं नाही. हे गोड बोलून होत नसतं. "चष्मा कुठाय?" "केस बांध!" "नाक बाटलीत घालू नकोस, ते अत्तर नाही!" असं दिवसभर ओरडावं लागतं, आणि ओरडायला मला मनापासून आवडतं.

म्हणूनच अठरा वर्षांतला एकुलता एक अपघात माझ्या चुकीने झाला, हे सांगताना जीभ जरा अडखळते. पण त्याचा शेवट आठवला की मी एकटी असले तरी मोठ्याने हसते, म्हणून सांगते.

आमची प्रयोगशाळा समुद्रापासून दोन नारळाच्या वाड्या सोडून आहे. खारा वारा खिडकीतून आत येतो आणि जे दिसेल ते खातो. लोखंडी स्टँड गंजतात, कपाटाची कुलपं अडकतात, आणि बाटल्यांवरची लेबलं पावसाळा संपेपर्यंत निम्मी गळून पडतात. उरलेल्यांवर कसर ताव मारते. त्यामुळे दर दिवाळीनंतर लेबलं नव्याने करणं हा आमच्याकडचा एक सणच असतो. मी लिहिते आणि मावशी चिकटवतात.

मावशी म्हणजे आमच्या सफाई कर्मचारी. हे कागदावर, प्रत्यक्षात त्या प्रयोगशाळेच्या मालकीण आहेत. वय पंचावन्नच्या पुढे, घर कोळीवाड्यात, आवाज जेट्टीपासून बाजारापर्यंत पोचेल असा. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं ते थेट इथे नोकरीला लागल्यावर. लहानपणी डोक्यावर टोपली आली, मग लग्न झालं, मग पोरं. पण त्यांच्या हाताला एक शिस्त होती. शंभर परीक्षानळ्या धुतल्या तरी एक फुटायची नाही. आणि अक्षर येत नसतानाही त्यांनी कधी चुकीची बाटली उचलली नव्हती, कारण त्यांची स्वतःची पद्धत होती. निळा खडा म्हणजे मोरचूद, हिरवट तो हिराकस, गरम भांड्याला कल्हई करताना धूर काढतो तो नवसागर. आणि ज्या बाटलीवर कंपनीने हात जळतानाचं चित्र छापलंय, ती 'हातवाली'. हातवालीला त्या शिवायच्या नाहीत. कपाट पुसतानासुद्धा तिच्याभोवतीने पुसायच्या.

बाटल्यांवर इंग्रजीच्या खाली मराठी नाव लिहायची टूम माझी. एका दिवाळीनंतर लेबलं लावता लावता मावशींनी विचारलं, "ह्या निळ्यावर काय लिवलंय, म्याडम?"

"मोरचूद."

"येवडंसंच? चारच अक्षरं?" त्यांनी बोटाने मोजली. "मी समजले, मोटं कायतरी असंल."

दुसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या त्याच ओरडत. बाजारातल्या मोबाइलवाल्याच्या पाटीवर त्यांना त्यांचा 'मो' सापडला होता. "दोनदा हाय, म्याडम! एकदा मोबाईलातला आनि एकदा मोफतातला!" मला इतका आनंद झाला की मी पहिल्या तासाला कुणालाच ओरडले नाही. मुलांना वाटलं, माझी तब्येत बरी नाही.

असं आमचं सुरू झालं. कमळ नाही, घर नाही, थेट मोरचूद. मग तुरटी, हिराकस, टाकणखार, चुना. रोज सगळी कामं आटोपल्यावर पंधरा मिनिटं त्या कपाटासमोर उभ्या राहायच्या आणि बोट फिरवत वाचायच्या. काना म्हणजे उभी काठी, मात्रा म्हणजे डोक्यावरचं पीस. वर्षभरात त्या एसटीच्या पाट्या वाचू लागल्या, स्वतःचं नाव लिहू लागल्या. एकदा 'रेवदंडामार्गे अलिबाग' वाचता वाचता गाडी सुटून गेली. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. मावशी मला सांगताना म्हणाल्या, "ग्येली तर ग्येली. पाटी पुरी वाचली पन मी." माहेरच्या लग्नाला त्या दिवशी त्या अक्षता पडल्यावर पोचल्या.

आता फिनॉलबद्दल सांगायला हवं. बारावीच्या प्रॅक्टिकलला ते लागतं. दोन थेंब पातळ द्रावण आणि एक थेंब फेरिक क्लोराइड, की नळीत जांभळा रंग असा उमलतो की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात. मुलांच्या हाती जातं ते पाणीच म्हणायचं, इतकं पातळ. पण माझ्या कपाटात तपकिरी बाटलीत असतं ते अस्सल. ते एरवी खडीसाखरेसारखं गोठून बसलेलं असतं. काढायचं तर झाकण सैल करून बाटली कोमट पाण्यात ठेवायची आणि ते पातळ होईपर्यंत थांबायचं. थांबायचं म्हणजे तिथेच थांबायचं.

फिनॉलचं खरं दुखणं मला शिकवलं ते एका विद्यार्थिनीच्या आजोबांनी. आयुष्य त्यांनी आखातातल्या एका रिफायनरीत सुरक्षा विभागात काढलं आणि आता इथे छोटं लॉज चालवतात. सगळा गाव त्यांना चाचा म्हणतो. नातीच्या पालकसभेला आले आणि सभा सोडून माझं कपाट तपासत बसले. माझे पातळ हातमोजे त्यांनी दोन बोटांत धरले. "म्याडम, ह्ये हलवा वाटायला ठीक हायत. फिनॉल ह्याच्यातून आरपार जातं. जाड न्योप्रीनचे घ्या." मग म्हणाले, "बाकीचं तेजाब इमानदार असतंय. लागलं की मानूस बोंबलतो, हात नळाखाली धरतो. ह्यो दगाबाज. कातडी जाळतो आनि आदी ती बधिर करतो. दुखतच न्हाय, मग मानूस कशाला धावंल? तवर कातडीतून आत रगतात शिरलेला असतोय." त्यांच्या सांगण्यावरून मी जाड काळे हातमोजे मागवले आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाच्या दाट, निरुपद्रवी द्रवाची बाटलीही. फिनॉल अंगावर सांडलं की ते आधी याच्या बोळ्याने पुन्हा पुन्हा पुसून काढायचं आणि मग भरपूर, अगदी भरपूर पाणी. थोडंथोडकं पाणी उलट ते पसरवतं. ती बाटली मी नळाशेजारी ठेवली. आमच्या प्राचार्यांनी विचारलंही, "हे काय, केसांचं तेल?"

तर त्या वर्षीची प्रॅक्टिकल परीक्षा तीन दिवसांवर आली होती. बाहेरचे परीक्षक येणार म्हणून मावशींनी प्रयोगशाळा अशी घासायला घेतली होती की घरी लग्न आहे. मी हातमोजे चढवले, फिनॉलची बाटली काढली, झाकण सैल केलं आणि ती कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवली. तेवढ्यात प्राचार्यांचं बोलावणं आलं. आसन क्रमांकांच्या यादीत घोळ होता. "दोन मिनिटांत आले," असं मी मावशींना म्हटलं आणि गेले. हातमोजे काढले, बाटली तशीच. तिथे चहा आला. यादी राहिली बाजूला आणि आम्ही परीक्षक कोण येणार यावर गप्पा मारत बसलो. मुलांना मी शंभरदा सांगते की चुलीवर दूध ठेवून जसं कुणी जात नाही, तसं तापत ठेवलेलं रसायन सोडून जायचं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

परत आले तर दारातच तो वास. गोडसर, जड, जुन्या दवाखान्यात येतो तसा. मावशी बादलीपाशी उभ्या होत्या, पदर खोचलेला, हातात ती तपकिरी बाटली.

"काय करताय?" मी ओरडले.

त्यांनी वळून बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला. तो चेहरा मी विसरणार नाही. "फिनेल संपलं व्हतं आपलं. मी बगितलं तर तुमी हितं काडून ठेवलेलं. वाचून घातलं, म्याडम! फि-ने-ल! वासपन त्योच. पन हलकं दिसतंय, पांडरं व्हत न्हाय, म्हनून जास्ती वतलं."

'ध'चा 'मा' केल्याची गोष्ट आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असते. इथे कुणी काही केलं नव्हतं. 'नॉ'चा 'ने' झाला होता, इतकंच. डोळ्यांनी फिनेल सांगितलं, नाकाने साक्ष दिली. आणि मावशींच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्यामागची कातडी खडूसारखी पांढरी पडली होती.

"दुखतंय?"

"छ्या. जरा गार लागतंय."

माझं धाबं दणाणलं. मी हातमोजे कसे चढवले, मला आठवत नाही. बाटली घेतली, झाकण लावलं, त्यांना ओढत नळापाशी नेलं. कापसाचा बोळा त्या दाट द्रवात बुडवायचा, पुसायचा, टाकायचा, नवा घ्यायचा. असे किती बोळे झाले देव जाणे. मग नळ पूर्ण सोडून हात त्याखाली. माझ्या मनात एकच, हातात काही अडकलेलं नको, ज्याच्या खाली ते साचून राहील. पण मावशींच्या उजव्या हातात बांगडी नव्हतीच. कोळणीच्या उजव्या हातातल्या बांगड्या लग्नातच समुद्राला दिलेल्या असतात, धन्याची होडी त्याने सांभाळावी म्हणून. होडी त्याने इतकी वर्षं सांभाळली होती; त्या दिवशी हातही सांभाळला. मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्राचे मोठ्याने आभार मानले.

"येवडं पानी कशाला वाया घालवता?" मावशी मला विचारत होत्या. "दुकत न्हाय तर."

"दुखत नाही म्हणूनच!" मी किंचाळले.

खोलीच्या सगळ्या खिडक्या मी सताड उघडल्या. बादलीला हात लावू दिला नाही. ती मोरीत ओतून दिली की संपलं, असं कुणालाही वाटलं असतं, पण आमची मोरी थेट खाडीला जाते आणि तिथे कोळीवाड्याची जाळी लागतात. नंतर ते पाणी झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव घालून, रासायनिक कचरा नेणाऱ्यांसाठी बाजूला ठेवलं. पण आधी रिक्षा, मावशी आणि सोबत फिनॉलचं माहितीपत्रक, असे आम्ही ग्रामीण रुग्णालयात पोचलो. तिथला तरुण डॉक्टर शहाणा निघाला. माहितीपत्रक वाचलं, मुंबईला फोन लावला, नाडी, रक्तदाब, लघवी सगळं तपासलं आणि म्हणाला, "पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही जे केलंत, त्याने वाचलंय. एक दिवस ठेवून घेतो." त्याने अंगठ्यासकट हात पट्टीत गुंडाळला. मी बाहेर जाऊन बाकावर बसले आणि पोटभर रडले. त्यानंतर दोन वडापाव खाल्ले.

कोळीवाडा लोटला भेटायला. संध्याकाळपर्यंत मावशींच्या खाटेभोवती जत्रा झाली होती आणि मावशी बसल्या बसल्या फिनॉलची ओळख करून देत होत्या. "शिंगाळा काटा मारतो तवा मानूस बोंबलतो तरी. ह्यो मुका शिंगाळा. मारतो नि गप बसतो." बायका हातावर हात घासून हं हं करत होत्या. शिंगाळा माशाचा विषारी काटा तिथे प्रत्येकीला एकदा तरी लागलेला होता, त्यामुळे मी अठरा वर्षांत जे मुलांना नीट समजावू शकले नव्हते ते तिथे एका वाक्यात सगळ्यांना समजलं. मी चाचांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या रिफायनरीत ह्या बाईला घ्यायला पायजे व्हतं."

सगळं ठीक होणार, असं वाटून मी हरखले होते. भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवून मी मावशींना गंमतीने विचारलं, "काय लिहिलंय सांगा बघू?"

त्यांनी पाटीकडे बघितलंही नाही. "मना न्हाय येत वाचाया."

"असं काय करता?"

"वाचता येत न्हवतं तवा हातवालीला मी कदी शिवले न्हाय, म्याडम. चित्र बगायची नि बाजूनं जायची. वाचाया लागले नि हात घालवून बसले." त्या मऊ आवाजात म्हणाल्या, त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच मला फार लागलं. "माजं मोरचुदावर थांबलं असतं तर बरं व्हतं. आता नको."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे खरं. पण यांनी ताकच सोडलं.

मी कॉलेजात परतले आणि ती बाटली पुन्हा बघितली. कंपनीचं हातवालं चित्र कुठेय? ते होतं, माझ्या लेबलाखाली. माझं वळणदार अक्षरातलं 'फिनॉल' नेमकं त्या चित्रावर चिकटवलेलं होतं. मला आठवलं, ते लेबल लावताना मावशी म्हणाल्या होत्या, "हितं तर हात हाय," आणि मी म्हटलं होतं, "तिथेच लावा, तिथे सपाट आहे. आता तुम्हाला वाचता येतं, चित्र कशाला?" जे निरक्षरालाही कळतं ते झाकून मी तिथे एक असं नाव लिहिलं होतं, ज्याच्यापासून एका मात्रेवर फरशी पुसायचं फिनेल उभं होतं. वस्तूचं नाव काय एवढंच मी लिहिलं. ती काय करते, ते नाही. पदवी माझ्याकडे, सुवर्णपदक माझ्याकडे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथे हात बिचाऱ्या मावशींचा गेला आणि अवलक्षण माझं.

मी हे सगळं जसंच्या तसं लिहून प्राचार्यांना दिलं. चित्र झाकलं मी, बाटली सोडून गेले मी. प्राचार्य भला माणूस, पण संस्थेच्या पत्राला भूत बघितल्यासारखा घाबरतो. म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतःला कशाला गुंतवता? तुम्ही गेलात तर मला रसायनशास्त्राला माणूस मिळायचा नाही." चार दिवसांनी क्लार्कने टाइप केलेला अहवाल माझ्यासमोर आला. त्यात माझा पत्ताच नव्हता. निष्काळजीपणा सफाई कर्मचाऱ्याचा, आणि शिफारस अशी की त्यांना यापुढे प्रयोगशाळेत प्रवेश नसावा, मैदान आणि व्हरांड्याचं काम द्यावं.

मी प्राचार्यांशी भांडले. साधं नाही, मुलं वर्गातून बाहेर येऊन ऐकतील असं भांडले. ते म्हणाले, संस्थेला दोषी कोण ते लागतं. आणि मावशींची हरकत नसेल तर तुमची कशाला? त्यांचा अंगठा झाला की हा कागद आज टपालात पडतो.

मावशींना बोलावलं. उजव्या हाताला अजून पट्टी होती. क्लार्कने शाईचं पॅड उघडलं आणि म्हणाला, "डावा चालेल, मावशी." मावशींनी मुकाट्याने डावा अंगठा पुढे केला.

"आधी वाचा," मी म्हटलं.

"मना न्हाय वाचायचं."

"वाचल्याशिवाय अंगठा नाही."

"तुमी सांगा ना काय लिवलंय त्ये."

"मी नाही सांगणार!" माझा आवाज चढला. "यात तुमच्याबद्दल लिहिलंय. आणि आणखी एक ऐका. तुम्ही वाचलंत म्हणून हात जळला नाही. मी अर्धं लिहिलं आणि चित्र झाकलं म्हणून जळला. तुमच्या वाचण्यात खोट नव्हती, माझ्या लिहिण्यात होती. आता बघा, वाचायचं की नाही. उद्यापासून व्हरांडा झाडायचा असेल तर नका वाचू."

 मावशींना प्रयोगशाळा सोडायची नव्हती, हे मला माहीत होतं. पण मला तरी ती त्यांच्याशिवाय कुठे चालणार होती? त्यांनी कनवटीचा चष्मा काढला. खुर्चीवर बसल्या, जिच्यावर त्या कधीच बसत नसत. कागद जवळ ओढला आणि बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं.

त्यांनी वर छापलेलं कॉलेजचं नाव वाचलं. पत्ता वाचला. 'दि-नां-क' वाचला आणि त्यापुढचे आकडे. क्लार्कने घड्याळाकडे बघितलं. प्राचार्यांच्या चहावर साय धरली. मी दाराशी उभी होते आणि कुणी मध्ये बोललं असतं तर त्याला खाल्लं असतं.

"वि-ष-य. अ-प-घा-त." बोट पुढे सरकलं. "प्र-यो-ग-शा-ळे-त... फि... ने... ल..."

बोट थांबलं. मागे आलं. पुन्हा पुढे गेलं.

"म्याडम, हितं काना न्हाय. नुसती डोक्यावर मात्रा हाय. फिनेल लिवलंय."

"काय?" प्राचार्य म्हणाले.

"फिनेल लिवलंय, सर. फिनेलानं कुनाचा हात जळतोय काय? फिनॉल व्हतं त्ये."

क्लार्क कागदावर वाकला. प्राचार्यांनी चष्मा लावला. मी धावत जाऊन दोघांच्या खांद्यावरून डोकावले. फिनेलच होतं. क्लार्कने ते टाइप केलं होतं, प्राचार्यांनी सही केली होती, आणि मी, जिने त्या कागदावरून अर्धा तास घसा फोडला होता, त्या मीसुद्धा ते वाचलं नव्हतं. आम्ही तिघंही शिकलेले, म्हणून अक्षर बघत नाही, शब्द ओळखतो नि पुढे जातो. मावशी एकेक अक्षर बघतात.

"मला वाटलं फिनेलच," क्लार्क पुटपुटला. "सारखंच दिसतं ना."

"व्हय," मावशी समजूतदारपणे म्हणाल्या. "मनापन तसंच वाटलं व्हतं."

 प्राचार्य कागद परत घ्यायला लागले, पण मावशींनी तो धरून ठेवला. "ऱ्हाऊ द्या. पुढं बगते." बोट पुन्हा निघालं. "हा-ता-ळ-ता-ना... नि-र..." मग एक अवघड अक्षर आलं. त्यांनी मान तिरकी केली. "ह्यो रिक्षातला हाय. नि-र-क्ष-र." दोनदा म्हणून बघितलं. मग मान वर केली. "निरक्षर म्हंजे काय वो, सर?"

 क्लार्कने प्रिंटरकडे तोंड वळवलं. मी, जी कधी गप्प बसत नाही, ओठ दातांत धरून उभी राहिले, कारण तोंड उघडलं असतं तर हसू बाहेर पडलं असतं की रडू, माझं मलाच कळत नव्हतं.

शेवटी प्राचार्य म्हणाले, "ज्याला वाचता येत नाही, तो."

मावशींनी कागदाकडे बघितलं, मग आमच्या तिघांकडे एकेक करून.

"कोन?" त्यांनी विचारलं.

प्राचार्यांनी कागद घेतला, दुमडला आणि स्वतःच्या हाताने फाडला. मग क्लार्कला समोर बसवून त्यांनी नवा अहवाल सांगायला सुरुवात केली. त्यात चित्र झाकल्याचं आलं, बाटली सोडून गेल्याचं आलं, माझं नाव आलं. मैदान आणि व्हरांडा गेला. फिनॉल या शब्दापाशी ते थांबले आणि म्हणाले, "काना दे. वर चंद्र. बघ नीट." क्लार्कने कागद काढून मावशींपुढे ठेवला, पेन ठेवलं आणि शाईच्या पॅडचं झाकण लावून टाकलं.

"आता बरोबर आहे, मावशी," मी म्हटलं. "मी स्वतः वाचलाय. डाव्या हाताने जमेल तशी सही करा."

"तुमी मगाशीपन वाचलावता," मावशी म्हणाल्या, चष्मा पुसला, आणि बोट पुन्हा पहिल्या अक्षरावर नेऊन ठेवलं.

मधल्या सुट्टीची घंटा झाली, संपल्याची झाली. आम्ही तिघंही ऐकत बसलो.